भगवा, पोपटी आणि १७२ : दुरंगी छायाचित्रांचा धागा

१/ #धागा #इतिहास
शिवजयंती किंवा पावसाळी भटकंतीचा हंगाम जवळ आला की राजगड आणि तोरण्याची तपकिरी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागतात. खाली ठरलेली ओळ असते : ‘दीडशे वर्षांपूर्वीचा राजगड, अतिदुर्मिळ छायाचित्र’. त्यांतली काही खरोखर जुनी असतात. पुष्कळशी मात्र अलीकडे मोबाइलवर टिपलेली आणि मग एखाद्या संकेतस्थळावर दोन रंगांत बुडवून काढलेली असतात. ही दोन रंगांची किमया नेमकी काय आहे, ती कोठून आली आणि भोर-वेल्ह्याच्या परिसरातील छायाचित्रे वाचताना ती आपली दिशाभूल कशी करते, ते या धाग्यात पाहू.

२/ या किमयेचे प्रचलित नाव ‘ड्युओटोन’. मराठी छापखान्यांत ‘दोन रंगांची छपाई’ असे म्हणत. मी पुढे ‘दुरंगी’ हा शब्द वापरणार आहे. आपल्या भाषेत ‘दुरंगी’ म्हणजे दोन रंगांचा आणि ‘दुरंगी’ म्हणजे आत एक, बाहेर एक वागणाराही. शब्दाने केलेली ही सोय मला फार आवडते.

३/ आधी एक साधा हिशेब. छायाचित्रणाची पहिली यशस्वी पद्धत जगापुढे जाहीर झाली ती १८३९ साली. शिवाजी महाराजांचे निधन १६८० चे. मधे १५९ वर्षांचे अंतर. त्यामुळे ‘शिवकालीन छायाचित्र’ हा शब्दप्रयोग कोठे दिसला तर तेथेच थांबावे. पुढची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही.

४/ मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे कॅमेरा आपल्याकडे फार लवकर आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सह्याद्रीतल्या एखाद्या गडाचे छायाचित्र निघणे अशक्य नव्हते. कष्टाचे मात्र होते, आणि ते कष्ट चित्रावर खुणा ठेवून जातात.

५/ त्या काळची मुख्य रीत होती ओल्या कलोडियनची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ती १८५१ साली प्रसिद्ध केली. काचेवर चिकट कलोडियन ओतायचे, काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वी रसायनांनी धुऊन काढायची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळोख्या खोलीचे काम करणारा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी, एवढा सरंजाम चाले.

६/ आता गुंजवणे गावातून चोरदरवाजाच्या वाटेने राजगडावर चढलेल्या प्रत्येकाने क्षणभर डोळे मिटावेत. शेवटच्या त्या खड्या टप्प्यावर, जेथे आपण रिकाम्या हातांनीही कातळ धरून चढतो, तेथे पाठीवर काचेच्या पेट्या घेतलेल्या हमालांची कल्पना करावी. पद्मावती माचीवर पोहोचल्यावर तळ्याचे पाणी होते, एवढीच काय ती सोय. एका माणसाने कमरेच्या खिशातून मोबाइल काढावा आणि सुवेळा माचीवरच्या नेढ्यातून टिपून घ्यावे, असा तो व्यवहार नव्हता. कोरड्या जिलेटिनच्या काचा १८७० च्या दशकाअखेर बाजारात आल्या, तेव्हा कुठे हा बोजा हलका झाला.

७/ या काचेवर उमटलेले चित्र कागदावर घेण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक आणि मीठ लावलेला कागद वापरत. ही युक्ती फ्रेंच मुद्रक ब्लँकार-एव्हरार याची, १८५० ची. अशा कागदावरचे चित्र मुळातच जांभूळसर तपकिरी दिसे, कारण सूर्यप्रकाशात तयार झालेले चांदीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते काळे न दिसता तपकिरी दिसतात. पुढे ते फिके पडत, पिवळे होत. ‘जुने म्हणजे तपकिरी’ हा आपल्या डोळ्यांवरचा संस्कार येथून आला.

८/ परंतु सगळे जुने तपकिरी नव्हते! सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीत लोखंडाच्या क्षारांमुळे गडद निळे चित्र उमटे. अभियंत्यांचे निळे आराखडे याच पद्धतीची लेकरे. विसाव्या शतकातल्या ब्रोमाइड कागदावरचे चित्र तर स्वच्छ काळे-पांढरे असे. ज्याला आपण ‘सेपिया’ म्हणतो, ते अनेकदा स्टुडिओत मुद्दाम केलेले असे : चांदीचे रूपांतर गंधकाच्या संयुगात केले की चित्र तपकिरी होते आणि अधिक टिकतेही. म्हणजे तो रंग म्हातारपणाची खूण नव्हता, म्हातारपण लांबवण्याचा उपाय होता.

९/ एकंदरीत, तपकिरी रंग पाहून वय सांगणे म्हणजे पिवळा कागद पाहून बखर शिवकालीन ठरवणे. आपल्या क्षेत्रात दोन्ही चालते, हे निराळे.

१०/ आता छापखान्याकडे वळू, कारण खरा ‘ड्युओटोन’ जन्मला तो तेथे. यंत्राला राखाडी रंग छापता येत नाही. शाई एकतर कागदावर पडते किंवा पडत नाही. मग छायाचित्रातल्या सावल्यांच्या शेकडो छटा छापायच्या कशा? उत्तर सापडले ‘हाफटोन’ मध्ये. चित्र बारीक जाळीतून टिपायचे, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात. मोठे ठिपके दाट सावली, लहान ठिपके उजेड. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी असे छायाचित्र छापले, आणि जर्मनीत गेऑर्ग मायजेनबाख याने १८८२ साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

११/ आपल्याकडचा या विद्येचा सर्वांत नामांकित जाणकार कोण, तर धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटांचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी ते छायाचित्रकार होते, पुरातत्त्व खात्यात आरेखक होते, आणि लोणावळ्याजवळ रवि वर्मा मुद्रणालयासाठी ब्लॉक करण्याचे काम त्यांनी केले. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनी गाठली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, तो ठिपक्यांच्या आणि जाळ्यांच्या या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातून. चित्रपटाच्या इतिहासात छापखान्याला एवढेसे स्थान मिळते, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

१२/ हाफटोनची एक अडचण होती. एका काळ्या शाईने छापलेले चित्र फिके, कोरडे दिसे. सावलीतला तपशील गिळला जाई. मग मुद्रकांनी एकाच काळ्या-पांढऱ्या छायाचित्राचे दोन ठसे करायला सुरुवात केली. एक काळ्या शाईसाठी, त्यात सावल्या ठळक. दुसरा तपकिरी, निळ्या किंवा हिरवट शाईसाठी, त्यात मधल्या छटा मऊ. दोन्ही जाळ्यांचे कोन साधारण ३० अंशांनी वेगळे ठेवायचे, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके बसून नको ती नक्षी उमटते. कागद यंत्रातून दोनदा जाई, आणि दोन्ही वेळा तो केसभरही न सरकता बसावा लागे.

१३/ येथे एक मुद्दा नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे. अस्सल दुरंगी छपाईत दुसरा रंग सजावटीसाठी नव्हता. एका शाईला जे सांगता येत नव्हते ते सांगण्यासाठी तो होता. त्याने माहिती वाढत असे. काही छापखाने खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या रंगाचा नुसता सपाट थर खाली छापत आणि वर काळा ठसा मारत. ती नक्कल. जुन्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर ही दोन्ही रूपे भिंगाखाली ओळखता येतात : अस्सलमध्ये दोन रंगांचे लहानमोठे ठिपके दिसतात, नकलेत एकाच रंगाचे. आजीच्या माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पाहा.

१४/ दुरंगीची सख्खी वाटणारी पण निराळी असलेली एक बहीण आहे, तिच्याशी गल्लत नको. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्याच्या रंगीत प्रतींचे काम जर्मनीत ‘बायपॅक’ पद्धतीने करून घेतले. या पद्धतीत दोन फिती एकमेकींना चिकटून एकत्र चालतात, एक दृश्यातला तांबूस भाग टिपते आणि दुसरी निळसर-हिरवा. म्हणजे येथे मुळातच रंगाच्या दोन नोंदी होतात. ‘सैरंध्री’चे रंग मनासारखे उतरले नाहीत. चार वर्षांनी, १९३७ साली, अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘किसान कन्या’ आला, तोही ‘सिनेकलर’ या दोन रंगांच्याच पद्धतीने.

१५/ फरक एवढाच ध्यानात ठेवा : बायपॅकमध्ये दोन रंग जगातून येतात, दुरंगीमध्ये ते मुद्रकाच्या मनातून येतात. दुरंगी चित्राला मूळ दृश्यातला एकही रंग ठाऊक नसतो.

१६/ आता संगणकाकडे. छायाचित्रांवर काम करणाऱ्या प्रणालींत दुरंगीची सोय फार आधीपासून आहे. पण ती घरोघरी पोहोचली २०१५ च्या सुमारास, जेव्हा स्पॉटिफाय या संगीतसेवेने आपल्या नव्या रूपात भडक दुरंगी छायाचित्रे वापरली आणि सगळ्या जगाने अनुकरण केले. आज कोणीही संकेतस्थळावर चित्र चढवावे, दोन रंग निवडावेत, चित्र उतरवून घ्यावे. अर्ध्या मिनिटाचे काम.

१७/ आत काय घडते ते पाहू, कारण धाग्याचा सगळा जीव येथे आहे. संगणकातल्या चित्राचा प्रत्येक बिंदू तीन आकड्यांचा असतो : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५. दुरंगी करणारी प्रणाली आधी या तीन आकड्यांचा एक आकडा करते, म्हणजे उजेडाचे माप काढते. आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त आणि निळ्याला सर्वांत कमी प्रतिसाद देतो, म्हणून प्रचलित सूत्र असे : लालचे ०.२९९ पट, हिरव्याचे ०.५८७ पट, निळ्याचे ०.११४ पट, आणि तिघांची बेरीज.

१८/ मग दुसरी पायरी. तुम्ही एक गडद रंग आणि एक फिका रंग निवडलेला असतो. उजेड ० असेल तेथे गडद रंग, २५५ असेल तेथे फिका, आणि मधल्या आकड्यांना त्या प्रमाणात मिश्रण. झाले. जादू वगैरे काही नाही, सातवीतले त्रैराशिक आहे.

१९/ आता वेल्ह्यात जाऊ. (या तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. मी येथे जुने नाव वापरते आहे, कारण ज्या छायाचित्रांविषयी बोलतो आहोत त्यांच्यावर तेच आहे.) श्रावणाचे दिवस. भाताची आवणी उरकलेली, खाचरे पोपटी झालेली. गडावर भगवा. झेंड्याच्या भगव्याचे आकडे समजा २५५, १५३, ५१. कोवळ्या भाताच्या पोपटी रंगाचे समजा १००, २२०, ११०.

२०/ करा हिशेब. भगवा : ७६.२ + ८९.८ + ५.८, म्हणजे जवळजवळ १७२. पोपटी : २९.९ + १२९.१ + १२.५, म्हणजे पुन्हा १७२.

भगवा आणि पोपटी एकच झाले.

२१/ समजा गडद रंग म्हणून तुम्ही रात्रीचा निळा निवडलात (२०, ३०, ९०) आणि फिका म्हणून सोनेरी (२५५, २१४, १४०). तर झेंडाही १७९, १५४, १२४ या मातकट रंगाचा होणार आणि खाचरेही. उरेल ती फक्त कडेची रेषा. कोणत्याही दोन रंगांची जोडी निवडा, हे दोघे एकमेकांपासून वेगळे होणार नाहीत, कारण ते वेगळे असल्याची नोंदच पहिल्या पायरीत पुसली गेली आहे. सोनेरी बदलून गुलाबी घेतल्याने ती परत येत नाही.

२२/ ‘मग त्यात काय बिघडले? शोभेचे तर चित्र!’ असे कोणी म्हणेल. शोभेपुरते काहीच बिघडले नाही. धाग्याच्या मुखचित्रासाठी मीही दुरंगी वापरते. दहा जणांनी दहा फोनवर, दहा वेगळ्या उजेडांत काढलेली छायाचित्रे एका मालिकेत शोभावीत यासाठी याहून सोपा उपाय नाही. प्रश्न उभा राहतो तो चित्र पुरावा म्हणून वापरले जाते तेव्हा.

२३/ गडावर रंग हा पुरावा असतो. काळा बेसाल्ट, पांढरट जुना चुना, करडे सिमेंट, हिरवे शेवाळ, तांबूस माती. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीसमोर उभे राहिल्यावर कोणते दगड मूळचे बसलेले आणि कोणत्या सांध्यांना नंतरचा हात लागला, हे पहिल्यांदा डोळ्याला कळते ते रंगावरून. चुन्याचा पिवळसर पांढरा आणि सिमेंटचा थंड करडा यांत उजेडाचे अंतर फार थोडे असू शकते. दुरंगी केले की दुरुस्ती अदृश्य होते, आणि सगळी तटबंदी एकसंध ‘प्राचीन’ भासू लागते. एखाद्या विद्यार्थ्याने अशा चित्रावरून तटबंदीच्या स्थितीविषयी परिच्छेद लिहिला, तर त्याची फसगत त्याच्या आळसामुळे झाली असे मी म्हणणार नाही.

२४/ ऋतूही हरवतो. मार्गशीर्षात सोनेरी झालेले गवत आणि आषाढातले हिरवे गवत, उजेडाचे माप जुळले की एकच. मावळातल्या गडांचा इतिहास ऋतूशिवाय वाचता येत नाही. पावसात कोणती वाट चालू, कोणती बंद, मढे घाटाने कोकणात उतरता येईल का, वरंध घाटातून तांडा कधी निघेल, हे सगळे महिन्यावर ठरत असे. चित्रातून महिना काढून टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

२५/ आता गंमत अशी की ज्या सूत्राने फसवणूक होते, तेच सूत्र ती पकडूनही देते. ओल्या कलोडियनच्या काचेला जवळजवळ फक्त निळा-जांभळा प्रकाश दिसे. लाल, नारिंगी, पिवळा तिला दिसतच नसत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल याने १८७३ साली रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरव्याची जाणीव करून देण्याचा मार्ग शोधला. लालसुद्धा नीट टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास.

२६/ म्हणजे १८६५ साली कोणी खरोखर गडावर येऊन भगवा टिपला असता, तर तो चित्रात जवळजवळ काळा उमटला असता. आपल्या उदाहरणातल्या झेंड्याचा निळ्याचा आकडा फक्त ५१ आहे, हे आठवा. हिरवी खाचरेही गडद दिसली असती. आणि निळे आकाश? ते पांढरेफटक, कोऱ्या कागदासारखे.

२७/ उलट आजच्या मोबाइलच्या छायाचित्राला दुरंगी केले की झेंडा उजळ, शेते उजळ, आणि आकाशात तोरण्यावर कोसळणाऱ्या ढगांचे सुरेख नाट्य. ‘१८६० चे छायाचित्र’ या ओळीखाली ढगांचा असा थर दिसला की माझी भुवई वर जाते. पूर्ण खात्री मात्र देऊ नये. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच आकाशाची वेगळी काच वापरून दोन्ही चित्रे एकत्र छापण्याची क्लृप्ती केली होती. ढग ही शंका आहे. उजळ भगवा ही त्याहून मोठी शंका.

२८/ आणखी एक खूण म्हणजे हालचाल. त्या काचांना पुरेसा प्रकाश मिळायला बहुधा काही सेकंद लागत. एवढ्यात फडकणारे निशाण धूसर होई, झाडाची पाने पुसट होत, चालणारा माणूस भुतासारखा अर्धवट उमटे. निशाणाची चुणी न् चुणी स्पष्ट दिसत असेल, तर ते निशाण कलोडियनच्या काळात फडकलेले नाही.

२९/ भूगोल तर सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले आणि त्याच्या जागी आजचे मोठे लॉईड धरण १९२८ साली उभे राहिले. राजगडावरून दिसणारा पाण्याचा विस्तीर्ण फाटा त्या धरणांमुळे आहे. ‘१८७० सालचा देखावा’ म्हणून दिलेल्या चित्रात दरीभर पाणी असेल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणी धरणाचा जलाशय दिसत असेल, तर चित्र आपल्याच पिढीतले.

३०/ भोरचा राजवाडा हे मात्र या सगळ्यात अवघड प्रकरण. पंत सचिवांचे हे संस्थान, मूळ पुरुष शंकराजी नारायण, राजाराम महाराजांच्या काळातले सचिव. आजचा राजवाडा १८६९ चा. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ८ मार्च १९४८ रोजी. म्हणजे राजवाडा उभा राहिला तेव्हा कॅमेरा आपल्याकडे रुळून दीड दशक झाले होते, आणि संस्थानी कारभाराची जवळजवळ ऐंशी वर्षे कॅमेऱ्याच्या टप्प्यात होती. येथे जुने छायाचित्र असणे पूर्ण शक्य आहे.

३१/ आणि त्याच चौकात, त्याच कोरीव खांबांसमोर कित्येक मराठी-हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे. पगड्या, अंगरखे, मशाली, पालख्या. त्या चित्रीकरणाचे छायाचित्र तपकिरी दुरंगीत घाला आणि खाली ‘भोर संस्थानचा दरबार’ लिहा. वास्तू खरी, पोशाख बऱ्यापैकी खरा, रंग जुना, ओळ खोटी. येथे ढग कामाला येत नाहीत, धरणही नाही. आतील दृश्याला आकाश नसते.

३२/ अशा वेळी चित्राकडे पाहण्याऐवजी चित्राच्या मागे पाहावे. छापील कागद अस्तित्वात आहे का? तो कोणाच्या संग्रहात आहे, नोंदक्रमांक काय, मागे स्टुडिओचा शिक्का आहे का? ज्या छायाचित्राला फक्त फॉरवर्ड आहे आणि कागद नाही, त्याला मी सध्या ‘चित्र’ म्हणते, ‘साधन’ म्हणत नाही. आपल्याकडे इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून चालत होते, आणि वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे चित्र उजेडात आणले तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. तेथेही प्रश्न रंगाचा नव्हता, खालच्या ओळीचा होता.

३३/ उलट टोकाची चूकही करू नका. तपकिरी दिसले की ‘बनावट!’ असे टिपण ठोकून मोकळे होणारे काही मित्र आहेत. त्यांच्या उत्साहात एखाद्या भोरकर घराण्याच्या पेटीतले खरे छायाचित्र थट्टेचा विषय होते, आणि ते कुटुंब पुढच्या वेळी पेटी उघडत नाही. ही हानी खोट्या चित्राने होणाऱ्या हानीपेक्षा मोठी आहे, असे माझे मत आहे. खोटे चित्र उद्या पकडता येते. न उघडलेली पेटी वाळवीला जाते.

३४/ आता ज्यांना दुरंगी करायचेच आहे त्यांच्यासाठी. मूळ रंगीत चित्र वेगळे जपून ठेवा, त्यावरच प्रक्रिया करून तेच जतन करू नका. मोबाइलचे चित्र स्वतःच्या पोटात दिनांक, वेळ आणि कधी कधी ठिकाणही बाळगते. अनेक संकेतस्थळांवरून चित्र उतरवून घेताना हा तपशील गळून पडतो. आज तुम्हाला तो नको असेल, पण चाळीस वर्षांनी रोहिड्याच्या दरवाजाची अवस्था शोधणाऱ्याला तोच हवा असेल.

३५/ काही संकेतस्थळे हिशेब तुमच्याच ब्राउझरमध्ये करतात, काही चित्र आपल्या सर्व्हरवर घेतात. दुसऱ्याच्या घरातून विश्वासाने मिळालेले जुने छायाचित्र दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी चढवू नये. आणि जुन्या खऱ्या छायाचित्राला तर दुरंगी करूच नये. त्याचा मूळ तपकिरी कोणत्या जातीचा आहे, कडेला किती फिकटला आहे, यावरून कागद आणि काळ ओळखतात. त्यावर आपला तपकिरी चढवणे म्हणजे शिलालेख स्वच्छ दिसावा म्हणून त्यावर ऑइलपेंट मारणे. तेही आपण पाहिले आहे म्हणा.

३६/ रंग निवडताना तपकिरी टाळा, ही माझी खास विनंती. गडद जांभळा आणि लिंबोणी घ्या, निळा आणि शेंदरी घ्या. कोणाही शहाण्या माणसाला ते १८६० चे वाटणार नाही. जुन्याचा भास नको असेल तर जुन्याचा पोशाख कशाला?

३७/ आणि ज्यांना खरोखरच कलोडियनचा भास हवा आहे, अभ्यासासाठी किंवा वर्गात दाखवण्यासाठी, त्यांनी तीन रंगांची बेरीज न करता फक्त निळ्याचा आकडा घेऊन चित्र करावे. हुबेहूब नाही, पण जवळचे. झेंडा काळवंडतो, आकाश कोरे होते, रापलेले चेहरे आणखी गडद होतात. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत आपली माणसे इतकी काळी का दिसतात, याचे एक उत्तर तेथे मिळते. प्रयोग करून पाहा, पाच मिनिटे लागतात.

३८/ खालच्या ओळीसाठी मी हा नमुना वापरते, हवा तर उचला :
‘राजगड, संजीवनी माची, नैऋत्येकडून. मूळ छायाचित्र रंगीत, मोबाइलवर, (महिना, वर्ष). दुरंगी रूपांतर मुखचित्रासाठी, मूळ प्रत पुढील खिडकीत.’
पुढील खिडकीत मूळ प्रत खरोखर टाका. भोर, वेल्हे, रोहिडा, तोरणा, कोठलेही चित्र चालेल. या धाग्याखाली दोन्ही शेजारी शेजारी टाकलीत तर झेंडा आणि खाचरे यांचे आकडे आपण मिळून काढू. रंग टिपून आकडे सांगणारी साधने फुकट मिळतात.